गप्प बसायचा तास

सांगलीच्या कॉलेजात मी जो विषय शिकवायचे, त्याचं नाव ऐकून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे एकच विचारायचे, "म्हणजे नक्की काय?" युजर रिसर्च. माणूस मोबाइल वापरताना कुठं अडतो, का अडतो, ते शेजारी बसून बघायचं. नजर आधी कुठं जाते, डोक्यात एका वेळी किती मावतं, हे मानसशास्त्र फळ्यावर शिकवून व्हायचं. खरी रड पुढं होती. आमच्या पोरापोरींना गप्प बसता यायचं नाही!

समोरची मावशी जरा अडखळली की यांचा हात पुढं. "आवं, हितं दाबा की!" झालं, संशोधन गेलं कृष्णेत. लोकांचीही कमाल. दारात आलेल्या पोरांच्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून बटण सापडत नसलं तरी "लय भारी हाय!" म्हणून मोकळे. पोरं पोहे खाऊन यायची आणि अहवालात लिहायची, 'सर्वांना ॲप आवडले.' मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. आता निवृत्त होऊन घरी बसलेय, पण त्या वर्गाचा गोंगाट आठवला की गलबलून येतं.

त्या वर्गात उंब्रजकडची एक मुलगी होती. बडबडी, पण बघायला बसली की तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. तिला याच कामाची नोकरी पुण्यात लागली आणि फौजेतून निवृत्त झालेले वडील अडून बसले. "लोकांकडं नुसतं बगत बसायचं, ह्येला नोकरी म्हनत्यात व्हय? मला कळल्याबिगर पोरगी धाडायची न्हाई." सोमवारी रुजू व्हायचं होतं. ती रडवेली होऊन मला घरी घेऊन गेली.

मी समजवायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "मॅडम, सांगून नाही कळायचं त्यांना." तिनं वडिलांच्या हातात मोबाइल दिला. "दादा, कराड ते पुणं एसटीचं तिकीट काडून बगा. पैसं भरायच्या आदी थांबा. मी काय सांगनार न्हाई." त्या घरात तिकीट, वीजबिल, सगळं तीच बघायची. दादांनी हाक मारायची, हिनं धावायचं.

दादांनी चष्मा लावला. गावांची नावं जमली, तारखेपाशी गाडी अडली. त्यांनी सवयीनं तिच्याकडं बघितलं. ती गप्प. आतून आई ओरडली, "आगं, बापाला दाखीव की! हाताची घडी घालून काय बसलीयास?" तरी ती हलली नाही. डोळे मात्र भरून आले होते. मलाच राहवेना. माझा हात पुढं गेला, तशी तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी तो मुकाट्यानं चहाच्या कपाकडं वळवला.

"तारीख बदलंना झालीय," दादा शेवटी म्हणाले. आपल्याला जमत नाही, असं लेकीसमोर ते कधी बोललेच नव्हते.

"ह्येच माजं काम हाय, दादा. मानूस कुठं आडतं ते बगायचं. आन् तवा त्येच्यावर हसायचं न्हाई."

दादांनी चष्मा सारखा केला. पुन्हा स्क्रीनवर वाकले. खूप वेळानं ओटीपीचा मेसेज वाजला आणि ते फौजेत वायरलेसवर बोलावं तसे एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाकू लागले. ती दचकून उठली.

"आवं दादा, थांबा! पैसं जातील!"

"गप बस. तू सांगनार न्हवतीस न्हवं?"

त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि चष्मा काढला.

"सोमवारच्या पहाटंच्या गाडीच्या दोन शिटा काडल्यात. तुला सोडाया याया नको व्हय?"

ती हमसून रडायला लागली. दादा मोबाइल तसाच हातात धरून बसले होते.

"माजं परतीचं बी मीच काडतो," ते म्हणाले. "आता हाक मारली तर यायला कोन हाय हितं?"