ठेवणीतला पट्टा

"जरा टेकते," असं म्हणून मावशी खुर्चीच्या अगदी कडेला टेकायच्या. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, बसतानाच उठायच्या तयारीत असणारी. विश्रांतवाडीत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. समोरच्या फुटपाथवर त्या मेथी-कोथिंबीर विकायच्या. आळंदीकडे त्यांचं एवढंसं रान. खुरपणी, काढणी, जुड्या बांधणं, पाटी डोक्यावर घेऊन येणं, सगळं स्वतःच. कंबर धरली नसती तरच नवल.

"मावशी, नीट मागे टेकून बसा ना."

"बसले की मग उठवत न्हाई, डाक्टरीणबाई. उरका लवकर."

उरका म्हणे! जसा काही मीच त्यांचा खोळंबा करत होते. व्यायाम शिकवावा, तर यांचा एक डोळा दाराबाहेरच्या पाटीवर. "अहो, भाजी कुठे पळून जात नाही," मी वैतागायचे. "पळत न्हाई, पर सुकती," हे उत्तर तयारच.

शेवटी मी कमरेचा पट्टा दिला. बजावून सांगितलं, रानात ओझं उचलताना बांधायचा, पाटी अर्धीच भरायची, खुरपताना मधूनमधून उठून पाठ सरळ करायची. पुढच्या खेपेपासून बाई पट्टा बांधूनच यायला लागल्या. मला कोण आनंद! पण कंबर काही सुधारेना.

एकदा भाजी उतरवायला सून बरोबर आली होती. तिने बिंग फोडलं. "रानात कुठं बांधत्यात आत्या? कपाटात साड्यांबरोबर घडी घालून ठेवत्यात. हितं येताना तेवढा बांधत्यात."

सासूबाई चक्क लाजल्या. "मळतो वो. एवढी चांगली वस्तू चिखलात घालायची व्हय?" भाचीच्या लग्नालाही म्हणे साडीवरून पट्टा बांधून गेल्या होत्या. मी कपाळावर हात मारला. हसूही येत होतं आणि संतापही. "अहो मावशी, पट्टा नवा आणता येतो. कंबर आणता येते का?"

"खरं हाय," म्हणाल्या, आणि उठल्यासुद्धा.

मग एका सकाळी त्या रस्ता ओलांडून आल्या, तर एक पाय अनवाणी. चप्पल मागे रस्त्यातच निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी पाऊल दाबून पाहिलं, त्यांना स्पर्शच कळत नव्हता. कमरेतली नस दबली होती.

"आजच्या आज सर्जनकडे जायचं. मी फोन करते."

"मेथी काढून मग जाते. फुलावर आलीय, थांबती व्हय?"

मी ओरडले, हात धरून ठेवला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

त्यानंतर समोरची जागा रिकामी. फोन लागेना. पेशंटची पाठ दाबताना माझंच लक्ष दाराकडे जायचं. चार माणसांवर खेकसून झालं, तरी जिवाची घालमेल थांबेना.

बऱ्याच दिवसांनी सून आली. खुर्चीच्या कडेला टेकली. ऑपरेशन झालं, पण उशिरा. पाऊल काही उचललं जात नाही. आत्या दिवसभर खाटेवर, भिंतीला टेकून असतात.

"नीट बस गं," मी म्हटलं.

ती मागे सरकली. पदर बाजूला झाला आणि कमरेला तोच पट्टा दिसला. मातीने पार माखलेला.

"सकाळी रानात निघताना आत्या स्वतः मला आवळून बांधत्यात," ती म्हणाली. "आन् सांजच्याला बघत्यात. मळलेला दिसला न्हाई, तर लई वरडत्यात."