बावीस मिनिटांचं माहेर

स्टेशनसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशीन, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांना टेकायला दोन वेताच्या खुर्च्या. त्यातली एक मधोमध फाटली आणि एक जाडजूड गिऱ्हाईक तिच्यात अडकलं, तेव्हा मी वेतकाकांना बोलावलं.

त्यांचं खरं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. शाळा, कचेऱ्या, दवाखाने, सगळीकडच्या खुर्च्या तेच विणायचे. शाळेतली मुलं त्यांना भिऊन असायची, कारण मास्तरांना वेत हाच माणूस पुरवतो अशी तिथे अफवा होती. प्रत्यक्षात माणूस इतका मऊ, की खुर्ची उलटी करतानासुद्धा हळूच ठेवायचा. लाकडाच्या वखारीमागे त्यांची एक खोली होती. तिथे पाण्याच्या पिंपात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या असायच्या. लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, पाठच्या बहिणीला यांनीच वाढवलं आणि तिचं लग्न लावून दिलं.

आठवड्यातले सहा दिवस कुठूनही बोलावणं येवो, काका हजर. गुरुवारी मात्र नाही. एका बड्या साहेबाने गुरुवारीच या म्हणून हट्ट धरला, तर काकांनी त्याचं कामच सोडून दिलं.

त्या गुरुवारची गोष्ट मला कळली ती गाड्यांच्या वेळा बदलल्या तेव्हा.

एका शुक्रवारी सकाळी मी शटर वर करतेय, तोच काका समोर. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"ताई, रेल्वेचं वेळापत्रक कुठे मिळेल? छापलेलं. स्टेशनवरचा पुस्तकवाला म्हणतो, आता येत नाही. चौकशीच्या खिडकीवर गेलो, तर ती बाई म्हणाली मोबाईलवर बघा. माझा मोबाईल नुसता बोलण्याचा."

"कुठली गाडी पाहिजे? मी सांगते बघून."

"सांगून भागणार नाही. कागद पाहिजे. दोन पाहिजेत. आणि एकाची अक्षरं मोठी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय."

"कुणाच्या?"

ते खुर्चीवर बसले. स्वतःच विणलेल्या खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले आणि मग हळूहळू बोलायला लागले.

बहिणीला ते चिमी म्हणायचे. अठ्ठावन्न वर्षांची चिमी. लग्न होऊन ती रेल्वेच्या त्याच मार्गावर, जंक्शनच्या पलीकडच्या गावी गेली. एकदा काका तिला भेटायला गेले, तर तिच्या दंडावर हिरवे-निळे वळ. काकांनी काही विचारलं नाही. मेहुणा कामावरून आला, तसा त्याच्या कानाखाली आवाज काढला. गल्ली जमा झाली. मेहुणा म्हणाला, "या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही." काका म्हणाले, "ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." दोघांनी आपापला शब्द सव्वीस वर्षं पाळला.

"तिला घेऊन का नाही आलात?" मी विचारलं.

"ती आली नाही. पदरात दोन पोरं होती. म्हणाली, दादा, तू जा, मी बघते. आणि खरंच बघितलं तिनं. त्यानंतर त्यानं हात उगारला नाही म्हणायची. खरं-खोटं ती जाणे."

तिच्या सासूचं औषध जंक्शनजवळच्या एका वैद्याकडून आणावं लागायचं. ते काम चिमीने स्वतःकडे ओढून घेतलं. दर गुरुवारी औषधाची रिकामी बाटली पिशवीत टाकून ती तिकडच्या पॅसेंजरने निघायची आणि काका इकडच्या. रेल्वेचा मार्ग एकेरी. त्यामुळे दोन्ही गाड्या जंक्शनला एकमेकींसाठी थांबायच्या, एकाच फलाटाच्या दोन बाजूंना. बावीस मिनिटं. शिट्टी झाली, की काका चिमीच्या गाडीत चढून घरी यायचे आणि चिमी काकांच्या गाडीत.

"माझ्याच जागेवर बसायची," काका म्हणाले. "म्हणायची, ऊब आहे अजून."

औषधासाठी ती त्यातली दोन-चार मिनिटं धावतपळत जाऊन यायची. बाकी सगळा वेळ दोघं फलाटावरच्या बाकावर. या बावीस मिनिटांना ती माहेर म्हणायची. "दादा, माझं माहेर फलाटावर असतं, वर छप्पर आहे तेवढं बरं," असं म्हणून हसायची.

आता मार्ग दुहेरी झाला होता. वर्तमानपत्रात त्याचं कौतुक आलं होतं, पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. गाड्यांना एकमेकींसाठी थांबायची गरज उरली नाही. चिमीची गाडी आता पावणेअकराला जंक्शनला पोचून निघूनही जाणार होती. काकांची यायची अकरा चाळीसला आणि थांबायची दोन मिनिटं.

यातलं काही माहीत नसताना दोघं त्या गुरुवारी निघाली. काका नेहमीप्रमाणे पुढच्या डब्यातून उतरले आणि बाकाकडे गेले. बाक रिकामा. चिमी तासभर वाट बघून थकली होती. परतायला तिला तीच गाडी होती, म्हणून ती मागच्या डब्यात चढली. गाडी सुटली तेव्हा खिडकीत तिचा चेहरा काकांच्या समोरून सरकला. ती ओरडून काहीतरी सांगत होती.

"काय म्हणाली ते ऐकू आलं नाही," काका म्हणाले. "रात्रभर तोच विचार. तिला फोन करता येत नाही, फोन त्याच्या खिशात. पत्र टाकावं, तर तो फोडणार."

मी कॉम्प्युटरवरून त्या मार्गाच्या सगळ्या गाड्या काढल्या. चार पानं झाली. आम्ही ती टेबलावर पसरली आणि पेन्सिल घेऊन बसलो. बाहेर दोन गिऱ्हाइकं आधार कार्डाच्या कॉप्या हातात धरून ताटकळत होती, त्यांना म्हटलं, जरा थांबा, इथे महत्त्वाचं काम चाललंय.

दोन गाड्या एकत्र थांबतील अशी वेळ पूर्ण आठवड्यात कुठेच नव्हती. काका कॉलमवरून बोट खाली-वर नेत होते. मग माझ्याच लक्षात आलं.

"काका, तुमच्या गाडीत ती परत जाते ना? मग तुम्ही उतरताच कशाला? बसून राहा. ती चढेल. पुढचं छोटं स्टेशन सतरा मिनिटांवर आहे. तिथे उतरा. परतीची गाडी तुम्हाला तसंही तीननंतरच आहे, ती त्या स्टेशनवर थांबते."

त्यांनी दोनदा तपासलं. ओठ हलवत हिशेब केला. "सतरा आणि दोन, एकोणीस. म्हणजे तीनच मिनिटं गेली." आणि लहान मुलासारखे हसले.

मी चिमीची प्रत मोठ्या अक्षरांत छापली, तिच्या दोन गाड्यांच्या खाली जाड रेघ मारली आणि पदराआड मावेल अशी घडी घालून दिली. पुढच्या गुरुवारी गाडी थांबताच काकांनी मागच्या डब्याच्या खिडकीतून हाका मारल्या आणि ती तिथेच चढली. त्या दिवसापासून शेवटचा डबा ठरला.

चार महिने असे गेले. शुक्रवारी दुकानासमोरून जाताना काका एक बोट वर करायचे. म्हणजे, भेट झाली.

मग एका शुक्रवारी बोट वर झालं नाही. ताप असेल, पोरं आली असतील, असं म्हणाले. दुसऱ्या शुक्रवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात ते दुकानात येऊन उभे राहिले.

"ताई, वेळ पुन्हा बदलली का बघा ना."

मी पाहिलं. काही बदललं नव्हतं. तसं सांगितलं.

"नीट बघा. पुष्कळदा मागाहून बदलतात."

मी पुन्हा पाहिलं, पान त्यांच्या समोर फिरवून दाखवलं. वेळ बदललेली असावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं. आणि ती तशीच होती, मिनिटासकट.

चौथ्या गुरुवारी ते छोट्या स्टेशनवर उतरले नाहीत. गाडीतच बसून राहिले, थेट चिमीच्या गावापर्यंत.

पुढचं सगळं त्यांनी मला कितीतरी दिवसांनी सांगितलं.

दार मेहुण्याने उघडलं. काकांच्या डोक्यात तो अजून तसाच होता, उंच आणि ताठ. समोर उभा होता काठी टेकणारा म्हातारा. क्षणभर दोघांनाही ओळख पटली नाही. मग म्हातारा बाजूला झाला आणि म्हणाला, "या."

भिंतीवर चिमीचा फोटो होता. काका उंबऱ्यातच बसले.

"मंगळवारी पहाटे," मेहुणा म्हणाला. "छातीत दुखतंय म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आता चौथा आठवडा."

"मला कळवलं नाहीत?"

"कुठे कळवणार? तुमचा आताचा पत्ता, नंबर तिनं कधी लिहून ठेवला नाही. माझ्या भीतीनं. त्याच आठवड्यात, गुरुवारी मी स्वतः आलो होतो जंक्शनला. तुमच्या गाडीतून उतरलेलं एकेक माणूस बघितलं. तुम्ही उतरलाच नाहीत."

काकांना आठवलं. आपण शेवटच्या डब्याच्या खिडकीत चिमीची वाट बघत होतो, तेव्हा फलाटावर काठी घेतलेला एक म्हातारा लोकांच्या तोंडाकडे बघत फिरत होता. त्यांच्या मनात आलंही होतं, बिचारा, याचंही माणूस आलेलं दिसत नाही. मग तो त्याच गाडीत पुढे कुठेतरी चढला होता. सतरा मिनिटं दोघं एकाच गाडीत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" काकांनी विचारलं. "गुरुवारचं?"

"आई जाऊन नऊ वर्षं झाली. तरी ही दर गुरुवारी बाटली घेऊन निघायची. मी काय आंधळा आहे?"

काकांना हे ठाऊकच नव्हतं. चिमीने सासू गेल्याचं कधी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं ती सासूच्या खोकल्याच्या तक्रारी सांगत राहिली. सांगितलं असतं, तर दादाने विचारलं असतं, मग तुला सोडतो कसा? आणि त्याच्या मेहरबानीवर भेटायचं असेल तर नको, असं दादा म्हणाला असता. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग एकदा घरी या म्हणायचं होतंत," काका म्हणाले.

"आला असतात?"

मेहुण्याने चहा टाकला. त्याला साखरेचा डबा सापडेना, तो एकेक डबा उघडून बघत राहिला. शेवटी बिनसाखरेचाच चहा दोघांनी घेतला.

त्यानंतर काका अधूनमधून तिकडे जायला लागले. पोरं दूरदेशी, म्हातारा एकटाच. मेहुणा प्रत्येक वेळी एकच विचारायचा, तिथे बसून ती काय बोलायची? मग काका सांगायचे. लहानपणी विहिरीत पडलेल्या चपलेबद्दल, शेजारणीच्या घोरण्याबद्दल, ती काकांची नखं बघून रागवायची त्याबद्दल. मेहुणा ऐकायचा आणि म्हणायचा, "हे मला कधी बोलली नाही. अजून काय?"

थंडीत काकांचं जाणं बंद झालं. मी कारण विचारलं.

"सांगण्यासारखं संपलं ताई. आता गेलो तर खोटं सांगावं लागेल."

पण जानेवारीत ते एकदा गेले. परत आल्यावर दुकानात येऊन बसले. मी मशीन बंद केलं.

"सांगितलं थोडं खोटं," ते म्हणाले.

"काय?"

"म्हटलं, ती तुमच्याबद्दल चांगलं बोलायची. तो रडायला लागला. काठी खाली पडली तरी उचलेना."

"बरं केलंत काका."

"कशाचं बरं?" ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. "तो रडला आणि मला तिच्या दंडावरचे ते वळ दिसायला लागले. काल झाल्यासारखे. पुन्हा एक ठेवून द्यावीशी वाटली. म्हाताऱ्या माणसाला. मी काठी उचलून त्याच्या हातात दिली आणि निघालो. गाडीला दीड तास होता. फलाटावर जाऊन बसलो."