रविवार, चार वाजताचा खेळ

दुसऱ्याच्या घरी गेलं की राउटर उलटा करून पाहायची धम्मपालला खोड होती. आपण पाण्याचा ग्लास पुढे करावा, तर हा आधी टीव्हीच्या मागे हात घालून तो डबा बाहेर काढणार, त्याच्या पोटाला चिकटवलेला कागद चष्मा कपाळावर चढवून वाचणार आणि मग म्हणणार, "याच्यात चढते." म्हणजे कंपनीनं घातलेलं फर्मवेअर, डब्याला चालवणारा प्रोग्रॅम, पुसून त्या जागी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट मिळणारं दुसरं फर्मवेअर त्यात घालता येतं. चढण्यासारखं नसलं की गडी गप्प बसून चहा प्यायचा. इकडे छत्तीसगडातल्या दुर्गला, आमच्या बोरसीच्या गल्लीतल्या सात घरांचे राउटर त्यानं असे बदलून दिले. माझाही दिला. मी नको म्हणत होतो. रेल्वेत गार्ड म्हणून चौतीस वर्षं काढल्यावर नीट चालणाऱ्या गाडीला हात लावू नये एवढं मला कळतं. त्यानं ऐकलं नाही. नंतर माझ्या मागच्या खोलीतही नेट यायला लागलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आम्ही दोघेही मूळचे महाराष्ट्रातले, मी गोंदियाचा, तो भंडाऱ्याचा. तो भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होता, फर्नेसच्या इन्स्ट्रुमेंट विभागात. प्लांटच्या रुआबांध्यातल्या क्वार्टरमध्ये वीस-बावीस वर्षं काढली, मग माझ्या शेजारी घर बांधलं आणि राहायला आल्यावर वर्षभरात त्याची बायको नलू गेली. मागे राहिले तो आणि मोनाली, त्याची एकुलती एक मुलगी. बापलेकीचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, पण बोलायचं कसं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मधलं बोलणं सगळं नलू करायची.

मग मोनालीनं गेमचा कन्सोल आणला. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. पहिल्या दिवशी बापानं गाडी फुटपाथवर चढवली ती उतरवलीच नाही. मोनाली हिंदीत ओरडत होती, "पापा, ब्रेक, ब्रेक!" आणि धम्मपाल हसत होता. नलू गेल्यानंतर त्या घरातून हसण्याचा आवाज मी भिंतीपलीकडून पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. मी बायकोला टीव्ही बारीक करायला लावला होता, इतकं मला बरं वाटलं.

मोनालीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिनं तो कन्सोल बापासाठी ठेवला आणि तिकडे स्वतःसाठी दुसरा घेतला. ठरलं असं, की दर रविवारी चार वाजता दोघांनी नेटवरून शर्यत लावायची. फोनवर यांचं "जेवली?", "हो, तुम्ही?" याच्या पुढे जात नसे. पण कानाला हेडफोन, हात गाडीवर आणि नजर रस्त्यावर असली की मधल्यामध्ये ती ऑफिसचं सांगायची, तो गुडघ्याचं सांगायचा. खेळाचं धम्मपालला काहीच नव्हतं. पोरीशी बोलायची आठवड्यातली ती एकच वेळ होती आणि ती त्याला जिवापाड जपायची होती.

सहा-सात महिन्यांनी खेळ अडकायला लागला. गाडी जागीच थिजायची, आवाज तुटायचा. तेव्हाची खराबी खरीच होती. वरचे भाडेकरू मोबाईलवर सिनेमा लावत आणि सगळं नेट तेच ओढून घेत. शिवाय बाहेरच्या खेळाडूला आत यायचा रस्ताच बंद आहे असं काहीसं कन्सोल दाखवायचा. धम्मपाल यातूनच फर्मवेअरकडे वळला. हिंदी व्हिडिओ पाहून, वहीत चित्रं काढून, भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या बाजारातून जुने राउटर आणून तो शिकला. दोन डबे मारले, तिसऱ्यात फर्मवेअर चढलं. गेमला पहिला नंबर, सिनेमाला मागे उभा कर, असा हुकूम त्यानं डब्याला दिला आणि शर्यत गुळगुळीत चालायला लागली.

आणि मग मोनालीचे निरोप यायला लागले. पापा, आज मेरे तरफ नेट नहीं है. पापा, आज लॅग है, नेक्स्ट संडे.

मला दुसऱ्याच निरोपाला शंका आली होती. सत्तावीस वर्षांची पोरगी, पुण्यासारखं शहर, बरोबरीच्या मैत्रिणी. रविवारी चार वाजता तिला बापाबरोबर गाड्या पळवायच्या नसतील, यात काय मोठं नवल? पण धम्मपालचं डोकं फर्नेसवर घडलेलं. ती भट्टी वर्षानुवर्षं विझत नाही. काटा शून्यावर गेला तर भट्टी गार झाली असं कुणी म्हणत नाही. खराबी काट्यात, नाहीतर तारेत. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं आणि पोरीच्या बाबतीतही तो तार तपासायला निघाला.

एक राउटर त्यानं घरीच तयार केला, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि दुर्गहून पुण्याची गाडी पकडली. तिच्या भाड्याच्या घरात दोन दिवस राहिला, त्यातला बराच वेळ कपाटामागे. परत आल्यावर मी विचारलं, पोरगी कशी आहे? म्हणाला, सिग्नल चांगला आहे. मी त्याला तिथल्या तिथे झापलं. तो हसला आणि कौतुकानं सांगायला लागला, की दोन्ही राउटरांमध्ये त्यानं एक आडवाट टाकली आहे. आता तिची लाईन बिघडली तर इथं बसून दुरुस्त करता येईल.

पुढचे तीन रविवार मोनाली चारच्या ठोक्याला हजर होती. चौथ्या रविवारी ती आली नाही, पाचव्या रविवारी आली. सहाव्या रविवारी धम्मपालनं मला कुंपणावरून हाक मारली.

तिचा निरोप फोनवर होता: पापा, नेट फिर चला गया. धम्मपालनं दुरुस्तीसाठी तिच्या राउटरचं पान उघडलं होतं आणि पडद्याकडे बोट दाखवत होता.

"हे पाहा भाऊ. एकेचाळीस दिवस झाले, एकदाबी बंद नाही पडलं."

खाली घरातल्या यंत्रांची यादी होती. त्यात तिचा कन्सोल होता आणि त्याच्यापुढचे आकडे भराभर बदलत होते. कोणीतरी खेळत होतं. मी म्हटलं, तिच्यासोबत राहणारी पोरगी खेळत असेल.

"असन," तो म्हणाला. "पण नेट तं आहे ना."

माझं डोकं फिरलं. मी खिशातून फोन काढला. अशी कशी पोर, बाप गुडघे दुखत असताना हजार किलोमीटर जाऊन आला आणि ही त्याला टोपी घालते! धम्मपालनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"तिले काही म्हणू नका. तिनं खरं सांगतलं असतं तं मी मानलं असतं का? मी पुन्हा गाडीत बसलो असतो."

त्यानं ते पान बंद केलं आणि आडवाट पुसून टाकली. पोरीच्या घरात असं डोकावणं बरं नाही, म्हणाला. मग हेडफोनची वायर नीट गुंडाळायला लागला. मला ते पाहवेना. चिडूनच मी म्हटलं, मग तूच सांग तिला, की माझा राउटर जळाला. तीही सुटेल आणि तूही.

"सकाळीच विहारात पंचशील घेऊन आलो, भाऊ. खोटं नाही बोलणार, असं तोंडानं म्हणून आलो."

तो उठला आणि स्वतःच्या राउटरवर फर्मवेअर पुन्हा चढवायला लागला. मला वाटलं, मन रमवतो आहे. पडद्यावरची पट्टी सरकत अर्ध्यावर आली आणि यानं भिंतीतला प्लग ओढून काढला. फर्मवेअर चढताना वीज तुटली की डबा मरतो, एवढं मला त्याच्याच तोंडून माहीत झालं होतं. त्यानं प्लग परत लावून पाहिला. राउटर उठला नाही. तेव्हा कुठे त्यानं मोनालीला फोन लावला.

"माया राउटर गेला, बेटा. आता रविवारचं जमणार नाही."

फोन स्पीकरवर नव्हता, तरी तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "कोई बात नहीं, पापा. सच में, कोई बात नहीं." आणि मग ती जी बोलायला लागली, ती वीस मिनिटं. धम्मपाल खिडकीशी उभा राहून हो हो करत होता. तिनं स्कूटी घेतली होती. ऑफिसात तिच्या हाताखाली चार माणसं दिली होती. आईसारखी पाटोडी करायला गेली तर ती रश्श्यातच विरघळली, तेव्हा यानं तिला बेसन किती घोटायचं ते सांगितलं. पुण्याला गेल्यापासून पोरगी इतकी मोकळी बोलली नव्हती. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. गल्लीतला मेलेला राउटर त्याच्याकडे आला की तो उघडतो, आत बारीक तारा जोडतो आणि संध्याकाळपर्यंत जिवंत करतो. स्वतःचा तसाच पडला आहे. मोबाईलच्या नेटवर भागवतो. परवा मी न राहवून विचारलं, तुझा केव्हा करणार?

"तिनं इचारलं की करतो."

मी म्हटलं, विचारेल की. पोरीच्या डोक्याला कामं थोडी आहेत?

"नाही इचारत, भाऊ. दर फोनवर सगळं इचारते. गुडघा इचारते, जेवण इचारते, तुमचंबी इचारते. राउटरचं नाव घेत नाही." तो दुसऱ्या कुणाच्या तरी डब्याचे स्क्रू काढत होता, ते त्यानं नीट एका वाटीत ठेवले. "घाबरते ती. सुधरला म्हणलो तं तिले खेळाले यावं लागन."