काढ्यातली गोळी

मिरजेत बेचाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, पण माझ्या हातून चुकीची गोळी कुणाच्या पोटात गेली नाही. छातीवर हात ठेवून सांगतो. आत्ता हात छातीवरच आहे, कारण शर्टाचं दुसरं बटण लोंबतंय आणि पडल्या पडल्या मी ते पिरगाळतोय. शालन, माझी बायको, गेल्यापासून लोंबतंय. अडीच महिने. दुपारचं ऊन पडद्यावर आहे. स्टुलावरच्या वाटीत माझी बीपीची गोळी. मुलगी पल्लवी रोज ठेवते, मी रोज खिडकीबाहेर टाकतो. आज तिनं दम दिलाय, "बाबा, चहाच्या वेळी तोंड उघडून बघणार आहे."

डोळे जड होतात. बटण फिरतंय.

शालन माझ्याच दुकानात, काउंटरच्या आत. मी बाहेर, गिऱ्हाईक.

"चिठ्ठी आहे?"

"अगं, मी आहे."

"चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. पाटी तुम्हीच लावलीये."

ती ड्रॉवर ओढते. आत सुंठ, ओवा, ज्येष्ठमध. जन्मभर ज्याला मी पालापाचोळा म्हटलं, ते सगळं माझ्याच अक्षरातल्या लेबलांखाली. काउंटर आता ओटा आहे आणि त्यावर काढा उकळतोय. वास इतका खरा, की मला भरून येतं. म्हणजे, ठसका लागतो.

आमचं भांडण याच काढ्यावरून. तिला बीपी. गोळीचं नाव काढलं की पाठ फिरवायची आणि काढा प्यायची. त्यात ज्येष्ठमध, म्हणजे बीपी आणखी वर. शेवटी मी चोरी सुरू केली. सकाळी ती अंघोळीला गेली, की गोळी खलबत्त्यात कुटून काढ्यात. चार वर्षं. आणि एक दिवस ती गेलीच. तिच्या काढ्यानं, का माझ्या गोळीनं? हे कळेपर्यंत मी स्वतः गोळी घेणार नाही. माझं बीपी एकशे ऐंशीला टेकलंय.

"शालन, मी तुझ्या काढ्यात..."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"तळाला पांढरा गाळ. ज्येष्ठमधाचा गाळ पांढरा असतो होय? पहिला महिना तुळशीला घातला."

"मग?"

"तुळशीला मानवला. मग मी घेतला."

आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलोय. आमच्या पुढच्या नंबरवर तुळशीची कुंडी. नर्स तिच्या फांदीला बीपीचा पट्टा गुंडाळते.

"चार वर्षं माहीत होतं, आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर कुटणं थांबवलं असतंत. उभ्या जन्मात स्वयंपाकघरात तेवढंच एक काम केलंत, अहो. मी मुद्दाम अंघोळीला वेळ लावायचे. ठक ठक ऐकत बसायचे."

मी तेच विचारतो. "गेलीस कशानं? तुझ्या का माझ्या?"

"मला काय विचारता? मी काय डॉक्टर आहे?" ती हसते. "भांडायला कुणी उरलं नाही ना तुम्हाला?"

"नाही उरलं. बस ना थोडा वेळ."

"बसते. आधी गोळी घ्या."

"तू सांगतेस? गोळी?"

"आ करा."

तिची बोटं ओठांना लागतात. सुंठेचा वास. मी गिळतो. गुळगुळीत आहे, कडू अजिबात नाही.

"झालं," ती म्हणते, आणि बाक रिकामा.

वर पंखा. वाटीत गोळी तशीच.

शर्टाकडे बघतो. बटणाच्या जागी निळ्या दोऱ्याचं टोक. घरात पांढरा दोरा संपला होता, म्हणून तिनं निळ्यानं शिवलं होतं. उशी झटकतो, पलंगाखाली वाकून बघतो. बटण नाही. यावर माझ्या दुकानात औषध नाही, तिच्या डब्यांतही नसावं.

वाटीतली गोळी घेतो. पाण्याबरोबर, मुकाट.

पल्लवी चहा घेऊन येते. "आ करा."

जिभेवर निळा दोरा निघतो.