केळवणाच्या सकाळच्या तीन अळ्या

माणसाच्या अंगात माशीच्या अळ्या राहू शकतात का, हा प्रश्न मला भाचीच्या केळवणाच्या दिवशी सकाळी साडेआठला पडला, तेव्हा माझ्या अंगावर फक्त टॉवेल होता.

आंघोळ झाली, पाय पुसायला वाकलो, तर पायाशी पांढऱ्या फरशीवर तीन अळ्या वळवळत होत्या. करड्या, दोऱ्यासारख्या. बाथरूममध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणजे त्या माझ्यातूनच पडल्या होत्या! (मी तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात माल तपासायचं काम केलंय. निष्कर्ष काढायला मला वेळ लागत नाही.)

अळ्या एका रिकाम्या हिंगाच्या डबीत भरल्या आणि मोबाइल उघडला. कातडीखालच्या अळ्या, जखमेतल्या अळ्या, आतड्यातले जंत, सगळे फोटोसकट हजर. पाच मिनिटांत माझ्या पाठीला, पोटाला आणि डाव्या कानाला खाज सुटली.

स्वयंपाकघरात शुभदा, म्हणजे आमची ही, पुऱ्यांची कणीक मळत होती.

"अगं, माझ्यातून अळ्या पडतायत."

"किती?"

"तीन. ह्या डबीत ठेवल्यात."

"मग पडल्या ना? आता केळीची पानं पुसून घ्या. साडेअकराला केतकी आणि ताई येतील."

तेवढ्यात मला श्रीखंड आठवलं. केतकी, माझी भाची, महिन्याभरात लग्न होऊन कोल्हापूरला जाणार होती. लहानपणापासून ती डोंबिवलीहून आमच्याकडे वर्तकनगरला यायची ती माझ्या हातच्या श्रीखंडासाठी. केळवणाचं श्रीखंडही आदल्या दिवशी मीच फेटलं होतं, ह्याच हातांनी. पोरीला मामाकडून आहेर म्हणून जंत द्यायचे?

मी बेडरूममध्ये जाऊन आतून कडी घातली आणि ताईला, म्हणजे केतकीच्या आईला, फोन लावला.

"ताई, आज येऊ नका. माझ्यात अळ्या झाल्यात."

"फ्लॉवर न धुता खाल्लास ना?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

येऊ नका म्हटल्यामुळे ती केतकीला घेऊन तासभर आधीच आली. दाराच्या फटीतून कागदाची एक पुडी आत सरकली. "जंतांवरचं वावडिंग आहे. आधी चावून खा, मग बोल." मी मुकाट्यानं खाल्लं. जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. अळ्यांवर काय परिणाम झाला ते कळायला मार्ग नव्हता.

मग केतकीचा आवाज आला. ती नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये काम करते. लोकांना ज्याचं नाव काढलं तरी जेवण जात नाही, ते ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली बघते.

"मामा, डबी बाहेर दे."

"अगं, तू आज केळवणाला आलीयेस..."

"डबी."

मी दार बोटभर उघडून डबी दिली. जांभळी रेशमी साडी, केसांत गजरा, आणि मोबाइलचा टॉर्च लावून तिनं माझ्या अळ्या निरखल्या.

"डोकं काळं, शेपटीला श्वासाची नळी. मामा, ही मोरीतली माशी. बाथरूमच्या भिंतीवर त्या छोट्या केसाळ माश्या बसतात ना, त्यांच्या अळ्या. जाळीखालच्या गाळात वाढतात."

"म्हणजे माणसात राहत नाहीत?"

"काही राहतात. जखम उघडी ठेवली तर माशी तिच्यात अंडी घालते, मग अळ्या होतात. पोटातले जंत तर मी लॅबमध्ये बघतेच. पण ह्या तुझ्यातून नाही आल्या. दाखवते."

तिनं पदर खोचला, बाथरूममध्ये उकिडवी बसली आणि चमच्याच्या दांड्यानं मोरीची जाळी उचकटली. खाली केसांचा बोळा, काळा गाळ आणि अळ्यांची अख्खी वस्ती. ताई तोंडाला पदर लावून मागे सरली, मी तिच्याही मागे. केतकीनं हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवून तो बोळा सरळ बाहेर ओढला. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मी हळूच डोळे पुसले. (त्यात वावडिंगाचाही थोडा हात असेल.)

"ही जाळी शेवटची कधी उघडली होती?" तिनं विचारलं.

दर रविवारी मोरी घासणं हे आमच्या घरात माझं काम. गेले कित्येक महिने मी वरूनच मगभर फिनेल ओतून "झाली गं मोरी" असं सांगत होतो. शुभदानं ब्रश माझ्या हातात दिला.

मी मोरी घासली, पुन्हा आंघोळ केली आणि धाकधूक मनात ठेवून वाढायला घेतलं. एवढं सगळं बघून पोरीच्या घशाखाली घास उतरेल का? केतकीनं कोपरापर्यंत हात धुतले, पाटावर बसली आणि श्रीखंड तीनदा मागून घेतलं. चौथ्यांदा मीच आग्रह केला, तेव्हा कुठे नको म्हणाली.

आता ती कोल्हापूरला असते. दर रविवारी अकराला तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी केसबिस विंचरून, चष्मा पुसून, हसऱ्या चेहऱ्यानं फोन उचलतो. लोकांच्या भाच्या मामाचं तोंड बघायला फोन करतात. माझी भाची म्हणते, "मामा, कॅमेरा खाली कर. आणि जाळी उचल."