फळ्यावरची विलायत

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला. पण नव्या पातळात, झेंड्याखाली, माइकवरून केलेला मूर्खपणा एकच. सव्वीस जानेवारी होती. मी गावची सरपंच. शाळेतली पोरं रांगेत, मोठी माणसं लिंबाखाली. झेंडा फडकला, आणि मी घसा साफ करून गरजले, "त्या विलायत सरकारचा मी धिक्कार करते! तिथं लोकांना न विचारता ठराव होतात. सभा भरत नाही, तरी भरली म्हणून लिहितात. आपल्या गावाचं भाग्य, की आपल्याकडं असलं काही चालत नाही!"

लोक हसले. काहींना हसता हसता ठसका लागला. एका म्हाताऱ्यानं तर तोंडात पागोट्याचं टोक कोंबलं. मला वाटलं, इंग्रजांची फजिती ऐकून खूश झालेत. म्हणून मी आणखी दोन वाक्यं चढवली.

ती विलायत म्हणजे मीच होते. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं, मला सोडून. आणि हा उद्योग होता उकंडाभाऊ टेलरचा.

उकंडाभाऊ माझ्या माहेरचा, रिठदचा. रक्ताचं नातं नाही. पण सासरच्या गावात माहेरचं कुत्रं दिसलं तरी बाईला गहिवरून येतं, हा तर माणूस होता. माझं लग्न व्हायच्या आधीच तो शिलाई मशीन घेऊन या गावात आला होता. मी त्याला दर भाऊबीजेला ओवाळायची आणि तो ताटात शिवलेलं पोलकं टाकायचा. माप कधी विचारायचा नाही. एकदा डोळे बारीक करून बघायचा, झालं. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, नाव त्यावरून. कोणी पुढाऱ्यानं डोळे वटारले की तो म्हणायचा, "मले तं जलमल्याबराबर कचऱ्यात टाकून पाह्यलं. आता अजून कुठं टाकसान?"

चौकात त्याचं दुकान. गळ्यात टेप असायची, लग्नात जेवायला बसला तरी. खिळ्याला रेडिओ टांगलेला, त्याची तार कपडे वाळत घालायच्या तारेला बांधलेली. त्या रेडिओवर लंडनहून हिंदीत बातम्या लागायच्या. त्या वेळी मशीनचं पायडल बंद. गिऱ्हाईक एका बाहीत हात घालून उभं असलं तरी त्यानं तसंच उभं राहायचं.

एकदा मी विचारलं, "भाऊ, तुले कायले पाह्यजे रे विलायतेचं? आपल्या गावचं काय कमी हाये?"

"तिथं बी चोर हायेत, बाई," तो म्हणाला. "चोर कुठं नसते? पन तिथं हप्त्यातून एक डाव प्रधानमंत्र्याले लोकाइसमोर उभं करतात अन् इचारतात. बसून नाही, उभं! उभ्या मानसाचं माप बराबर भेटते. बसलेल्याचं चुकते."

दुकानाच्या भिंतीला गावाचा काळा फळा होता. तो रोज सकाळी पुसायचा आणि लिहायचा. वरच्या अर्ध्यात गावच्या बातम्या: गिरणी बंद आहे, अमक्याची शेळी हरवली, कान पांढरे आहेत. खालच्या अर्ध्यात एक रेघ ओढून 'विलायत'. तिकडचा एखादा मंत्री खोटं बोलताना सापडला आणि त्यानं राजीनामा दिला, की त्या दिवशीचं अक्षर मोठं. उकंडाभाऊ त्या दिवशी चहा एक कप जास्त प्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजायचा. चाळीसेक वर्षं तो हे करत होता. अर्धं गाव शेळीपुरतं वाचायचं, अर्धं विलायतेपुरतं.

मग आमच्या गावाला बाईसाठी राखीव सरपंचपद आलं. घरच्या पुरुषांनी ओट्यावर बसून ठरवलं आणि मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, जसं 'आज चार पाहुणे जास्त आहेत' सांगतात तसं. मी सातवी पास. पण खुर्ची मिळाल्यावर मला वाटायला लागलं की मी जन्मतःच सरपंच होते, फक्त लोकांच्या उशिरा लक्षात आलं. बांगड्या कमी करून मनगटात घड्याळ बांधलं. घड्याळ बंद होतं, पण शोभायचं.

कारभार असा चालायचा: ग्रामसेवक नोंदवही घेऊन घरी यायचे. उपसरपंच सोबत. मी तूर पाखडत असायची. "वहिनी, इथं सही." मी सूप खाली ठेवायची, पदराला हात पुसायची, आणि अशी वळणदार सही करायची की ग्रामसेवक म्हणायचे, "काय अक्षर आहे!" त्या कौतुकापायी मी आणखी दोन पानांवर केली असती. वर काय लिहिलंय ते वाचायचं असतं, हे मला सुचलं नाही. ग्रामसभा म्हणजे चौकात लोक जमवून भरवायची सभा; आमची भरायची माझ्या ओट्यावर, तीन माणसं आणि एक सूप.

त्याच सुमाराला फळ्यावरची विलायत बदलली. 'विलायत: सभा झाली म्हणतात, सभेला कोणी गेलं नाही.' 'विलायत: राणीसरकार वाचत नाही, सही सुरेख करते.' मी पंचायतीत जाताना थांबून मोठ्यानं वाचायची आणि म्हणायची, "काय वं माय! राणी असून असं?" भाऊ सुईत दोरा ओवत मान खाली घालायचा. मी वर त्याला शाबासकी द्यायची, "भाऊ, असंच लिहत जा. लोकाइले समजू दे."

तर सव्वीस जानेवारीचं ते भाषण केलं, पोरांना बुंदी वाटली, आणि दुपारी त्याच दिवसाच्या ग्रामसभेची वही माझ्या ओट्यावर आली. तूर होतीच. सही केली. काही दिवसांनी फळ्यावर ओळ आली: 'विलायत: गावात नसलेल्यांनीही सभेत हात वर केले. ठराव मंजूर.'

"भाऊ, भुतं-खेतं हायेत काय रे तिथं?" मी विचारलं.

"असतीन, बाई," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र हसरा नव्हता.

उन्हाळा लागला. ऊस तोडायला गेलेली बरडावरच्या वस्तीची माणसं परतली. बरड म्हणजे गावाबाहेरचं उंच माळरान. वस्तीच्या बायका अर्धा कोस उतरून शेतातल्या विहिरीवरून पाणी न्यायच्या. त्या उंचवट्यावर पाण्याची टाकी होणार, हे वस्ती दिवाळीत ऊसतोडीला जायच्या आधीच ठरलं होतं. एका सकाळी तिथली शेवंता डोक्यावर रिकामा हंडा घेऊन माझ्या अंगणात उभी राहिली.

"सरपंचबाई, एक गोष्ट इचारू?"

"इचार ना वं."

"जानेवारीत मी कुठं होती?"

"तू? ऊस तोडाले गेली होती."

"मंग माहा अंगठा इथं कसा राह्यला? मले तं तिकडं कोयता धराले दोन्ही अंगठे लागत होते."

वस्तीतल्या एका शिकलेल्या सुनेनं ठरावाची नक्कल काढली होती. टाकी बरडावर नको, उपसरपंचांच्या गल्लीत हवी, असा एकमतानं ठराव. खाली वस्तीच्या माणसांची नावं, अंगठे, आणि सगळ्यात खाली माझी ती सुरेख सही.

शेवंता भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती म्हणाली, "आमी नाही तं नाही, पन आमचं नाव तरी आमच्यासंगं जाऊ द्या ना वं," आणि विहिरीकडं उतरली. मी सूप घेऊन तशीच बसले. वर्षभरातला फळा एकेक ओळीनं डोळ्यांपुढून चालत गेला. वाचत नाही, सही सुरेख करते. अगं बाई. राणीसरकार!

आधी लाज यायला हवी होती. आला राग. तरातरा चौकात गेले.

"भाऊ म्हून पोलकं शिवून देते, अन् चौकात माही इज्जत टांगते?"

"मी तं विलायतेचं लिहलं, बाई."

"झूट नोको बोलू!"

त्यानं पायडल थांबवलं, गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवली. ती टेप गळ्यातून उतरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "शिलाई चुकली तं दर्जी काय करते? उसवते. मले उसवाले कधी लाज नाही वाटली. गिऱ्हाईक तसंच घालून गावभर हिंडलं, तं वाटते."

मी तिथल्या बाकावर मटकन बसले. "आता काय करू रे?"

"मे महिन्याच्या एक तारखेले सभा हाये ना? खरीखुरी भरव. दवंडी दे. बरडावर बी दे."

दवंडी गेली तशी उपसरपंच घरी आले. माझ्या नवऱ्यासमोर गोड बोलले, "वहिनी, सही तुमची हाये. आमचं काय जाते? चुप राहा. उन्हाळा निंघून जाइन, लोकं भुलतीन." नवराही म्हणाला, "काहून डोकसं लावून राह्यली तू? खुर्ची जाइन, नाव जाइन, घराची शोभा होइन." खोटं नव्हतं ते. मला खुर्ची आवडत होती. आज सांगायला हरकत नाही, फार आवडत होती.

एक मेला चौक भरला. बरडावरची सगळी वस्ती आली आणि उन्हात बसली, कारण सावली आधीच गावानं धरली होती. मी खुर्चीतूनच बोलायला सुरुवात केली. दुकानाच्या दारात उकंडाभाऊ उभा होता. त्यानं नुसते डोळे बारीक केले, माप घेताना करायचा तसे. मी उठून उभी राहिले. माइक तोंडाजवळ ओढला.

"सव्वीस जानेवारीले सभा झाली नाही," मी म्हटलं. "मी न वाचता सही केली. ज्याइचे अंगठे हायेत, ते गावात नव्हते. मी तुमच्यासमोर खोटी पडली. तो ठराव रद्द करा, अन् टाकी बरडावर बांधा."

मग ते पागोटंवाले म्हातारबा ओरडले, "म्हंजे विलायत आपलीच होती म्हना ना!" आणि सारा चौक हसला. या वेळी मला कळलं कोणाला हसताहेत, आणि गंमत म्हणजे मलाही हसू आलं. शेवंता तेवढी हसली नाही. तिनं हात वर केला. ठरावासाठी. तिच्या मागं साऱ्या वस्तीनं केला.

पुढं व्हायचं ते झालं. पावसाळ्यात माझ्यावर अविश्वास ठराव आला आणि बंद घड्याळासकट मी घरी बसले. नवरा आठ दिवस बोलला नाही. घरात एवढी शांतता मी कधी अनुभवली नाही. पण तोवर बरडावर टाकीचा पाया खोदून झाला होता, आणि खोदलेला पाया उचलून गल्लीत नेता येत नाही.

उकंडाभाऊ जाऊन दोन वर्षं झाली. शेवटी शेवटी डोळे गेले होते. रेडिओवरच्या लंडनच्या बातम्या त्याआधीच बंद पडल्या. फळ्यावर आता वाढदिवसाच्या शुभेच्छांचे कागद चिकटवतात. एकावर एक इतके, की फळ्याला पोट सुटलंय.

माझी नात तिकडं विलायतेत नोकरीला आहे. भाऊ होता तोवर तिचा फोन आला की मी तो मोठ्या आवाजावर करून त्याच्या बाजेजवळ न्यायची. एकदा ती सांगत होती, "आजी, इथं लोक फार चिडलेत गं. नियम करणारेच नियम मोडतात. विचारलं की म्हणतात चौकशी चालू आहे. शेजारच्या आजीबाई त्यांच्या खासदाराला पत्रं लिहितात, तर दर वेळी तेच छापील उत्तर येतं. लोक म्हणतात, सगळे सारखेच, आता कोण विचारणार?"

भाऊ उठून बसला. जन्मभर ज्या गावाचं कौतुक केलं, तिथलीच माणसं 'कोण विचारणार' म्हणताहेत, हे त्याला लागलं. बोटानं चादरीवर रेघा आखत राहिला. मग फोनकडं तोंड करून म्हणाला, "पोरी, त्या आजीबाईले सांग, पत्र बंद नोको करू. छापील जवाब आला तं दुसरं पत्र लिव. अन् तिथं फळा लाव म्हना चौकात. त्याइच्या सरकारचं नाव घालाले भेव वाटत असन, तं आपल्या गावचं नाव घाला. आपून काही म्हनत नाही."

नातीनं ते त्या आजीबाईंना खरंच सांगितलं म्हणे. त्या खूप हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र टाकून आल्या.

परवा पेटीच्या तळाशी त्यानं शिवलेलं एक पोलकं सापडलं. आता ते माझ्या एका दंडातसुद्धा जात नाही. हातात घेतलं आणि त्या एक मेची संध्याकाळ आठवली. सभा उरकल्यावर मी त्याला जेवायला बोलावलं होतं. आमरस केला होता. तो पाटावर बसला, गळ्यात टेप. मी वाटी हातात घेऊन उभीच राहिले. म्हटलं, "एक सांग भाऊ. गावाचं नाव न घालता विलायतेचं काहून घालत होता? मले भेत होता काय?"

तो म्हणाला, "भेत नव्हतो. भाऊबीजेचं ताट तुह्या घरचं खातो मी. गावाचं नाव घातलं असतं तं लोकं तुले हासले असते, अन् मले घास गोड लागला नसता. म्हनलं विलायतेचं घालाव, बाई आपली हुशार हाये, दोन दिवसात समजन तिले. साल झालं, बाई, साल! तू तं निरा बह्याड निघाली. आता वाढ तो रस, माश्या बसून राह्यल्या."