शेपटीतल्या तीन पट्ट्या

ग्रॅमकाकांनी मला पहिल्यांदा हँगरवर नेलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हँगरच्या दारात म्हणाले, "चपला काढा." मला वाटलं, आत देवाचं काही असेल. आत विमान होतं, आणि दाराशी वजनाचा काटा. त्यावर मला उभं केलं, वाकून आकडा वाचला आणि खिशातल्या वहीत लिहिला.

"बासष्ट किलो चारशे ग्रॅम. उत्तम. तुम्ही मागच्या सीटवर चालाल."

मी म्हटलं, "मला कुठं जायचंय?"

"ते नंतर बघू," म्हणाले.

इथं अमेरिकेत सगळे पौंडात बोलतात. हे एकटे ग्रॅमवर अडून बसलेले, म्हणून ईडन प्रेरीच्या मराठी मंडळींनी त्यांचं नाव ग्रॅमकाका पाडलं. मूळचे नागपूरचे, ऑफिसात कॉम्प्युटरवरचं मोठं काम. वयानं माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. पाठीमागे मीही ग्रॅमकाकाच म्हणायचो, तोंडावर इंजिनियर. ते मला मिस्त्री म्हणत. मुलानं मला इकडे आणल्यापासून मी कुणाचा बाबा झालो, कुणाचा आजोबा, कुणाचा काका. मिस्त्री म्हणणारा हा एकच माणूस होता. मी त्यांच्याकडे का जात होतो, याचं खरं कारण एवढंच आहे.

ओळख झाली ती गणपतीच्या जेवणात. हॉलमधली एक लोखंडी खुर्ची बसल्या बसल्या मोडली. मी तुटलेला पाय हातात घेऊन म्हटलं, "हा जोड ज्यानं मारलाय त्याला गॅस धरता येत नाही." समोर बसलेले ग्रॅमकाका जेवायचे थांबले. "तुम्हाला येतो?" मी चौथी शिकलेला माणूस, पण या प्रश्नाचा मला राग येतो. चाळीस वर्षं सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्यांना गॅसवेल्डिंग केलं. सांगितलं तसं. म्हणाले, "शनिवारी सकाळी घ्यायला येतो." आणि आले. नातीनं दार उघडून मला ओरडून सांगितलं, "आजोबा, ग्रॅम अंकल इज हिअर!"

ते विमान काही मोठं नव्हतं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, दोन सीटा एकामागे एक, आणि खाली ट्रॅक्टरसारखी जाडजूड चाकं. जिथं धावपट्टी नाही तिथं, माळावर, गोट्यांवर उतरायचं विमान. इथं माणसाला स्वतःच्या हातानं विमान बांधता येतं. सरकारचा तपासनीस येऊन बघून जातो, मग उडवायची परवानगी. ग्रॅमकाकांनी ते बांधलं होतं, पाच वर्षं उडवलंही होतं. आता त्याची शेपटीकडची बाजू कापून नवी करायला घेतली होती. मी विचारलं, "चांगलं उडतंय की, मग कापता कशाला?" तेव्हा त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. उत्तरेला एक तळं आहे, रस्ता नाही, घर नाही. त्याच्या काठाला गोट्यांचा एक तुकडा. "दर वर्षी वरून बघतो आणि परत येतो. उतरायला जागा पुरते, उठायला पुरत नाही. विमान अजून हलकं झालं आणि अजून हळू उडायला लागलं तर पुरेल."

त्यांचा एक प्रश्न होता. कोणतीही वस्तू हातात घेतली की विचारायचे, "याचं काम काय?" दाराच्या आतलं अस्तर, याचं काम काय? सीटखालचा गालिचा, याचं काम काय? उत्तर आलं नाही तर ती वस्तू जमिनीवर. बोल्ट लांब असला तर उरलेला तुकडा कापायचे, तो काट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहायचे. चार ग्रॅम. शेजारच्या हँगरमधला डेल नावाचा म्हातारा गोरा त्यांना हसायचा. एकदा त्यानं बर्गर आणून दिला तर ग्रॅमकाकांनी तोही काट्यावर ठेवला. डेल मला खुणेनं म्हणाला, हा वेडा आहे. मी खुणेनंच म्हटलं, आहे.

माझी त्यांनी परीक्षा घेतली, हे मला आवडलं नव्हतं. दोन तुकडे जोडायला दिले, मी जोडले, तर त्यांनी करवतीनं जोड मधोमध चिरला आणि भिंग लावून बघितला. मी टोपी उचलली आणि घरी सोडा म्हटलं. ते म्हणाले, "मिस्त्री, मी माझाही चिरून बघतो. हा बघा माझा." त्यांचा जोड बघून मला हसू आलं. मी टोपी परत खुंटीला लावली. त्या दिवसापासून गॅसची बत्ती माझ्या हातात आणि नकाशा त्यांच्या हातात.

आता माझी चूक सांगतो. ट्रॉलीवर दहा टनाच्या जागी पंधरा टन ऊस भरतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. म्हणून आमच्या धंद्यात जोड मारला की त्यावर लोखंडाची एक जादा पट्टी मारायची. गिऱ्हाइकानं सांगो न सांगो. ती पट्टी म्हणजे मिस्त्रीचा शब्द. आणि इथं नळीची भिंत नखापेक्षा थोडी जाड. शेपटीच्या टोकाला एक लहान चाक असतं, गोट्यांवर उतरताना सगळा मार त्या कोपऱ्याला बसतो. मी ग्रॅमकाकांना म्हटलं, "इथं पट्टी मारतो." म्हणाले, "नकाशात नाही." दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. ते म्हणाले, "मिस्त्री, पोरानं बाबाला सांगावं तसं सांगतो, नाही लागत." मी गप्प बसलो. पण मला झोप लागेना. तो माणूस त्यात बसणार होता.

सांगाड्याचं वजन करून झालं आणि ऑफिसच्या कामानं ते दोन आठवडे सनीव्हेलला गेले. शेपटीला कापड चढवायचं काम मला आणि डेलला सांगून गेले. त्या सकाळी डेल धावपट्टीचं गवत कापत होता. त्याचा ट्रॅक्टर पार पलीकडच्या टोकाला गेलेला. मी बत्ती पेटवली आणि त्या कोपऱ्याला तीन पट्ट्या मारल्या. दोन बाजूंना दोन, खाली एक. घासल्या, रंग मारला. डेल आला तेव्हा त्याला वाटलं, नकाशातच असतील. दुपारपर्यंत कापड चढलं आणि माझ्या पट्ट्या झाकून गेल्या. त्या रात्री मात्र मी गाढ झोपलो.

मग विमान तोलायचा दिवस आला. तीन चाकांखाली तीन काटे. ग्रॅमकाकांनी आधीच वहीत आकडा काढून ठेवला होता. पुढचे दोन काटे बरोबर आले. शेपटीचा काटा किलोभर जास्त. त्यांनी विमान ढकलून खाली घेतलं, परत चढवलं. तेच. काटे बदलले. तेच. त्यांनी डेलला किंवा मला एका शब्दानं विचारलं नाही. स्वतःची बेरीज चुकली म्हणून ते तीन शनिवार वही घेऊन बसले. मी समोर बसून चहा पीत होतो. शेपूट जड म्हणजे काय, हे त्यांनीच मला कधी तरी समजावलं होतं. हळू उडताना नाक वर जातं, विमान पडायला लागतं आणि मग नाक खाली येतच नाही. किलोभर म्हणजे फार नव्हे, पण ज्याला अगदी हळूच उडायचंय त्याला फार. डेल म्हणाला, पुढे शिसं बांध आणि मोकळा हो. ग्रॅमकाका म्हणाले, "चूक सापडत नाही म्हणून तिच्यासमोर दुसरं वजन ठेवायचं? नाही."

मी सांगितलं नाही. का नाही, ते लिहायला लाज वाटते. चाळीस वर्षांत मला कुणी जोड काढ म्हटलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी त्यांनी एक डबा उघडला. आत शेपटीचं नवं चाक आणि ते ज्यावर बसतं ती स्प्रिंगची पाती, जुन्यापेक्षा बारीक. काट्यावर ठेवून म्हणाले, "सातशे ग्रॅम वाचले." मी ती पाती हातात घेतली. हाताला कळलं. गुळगुळीत डांबरावर चालेल ती. गोट्यांवर पहिल्या दणक्याला जाईल. माझ्या पट्ट्यांनी तो कोपरा भक्कम केला होता आणि त्याच पट्ट्यांपायी हा माणूस त्याच कोपऱ्याला मोडकं हाड बसवणार होता.

"इंजिनियर, हे लावू नका."

"का?"

"शेपटीत तीन पट्ट्या आहेत."

त्यांनी वही मिटली. "कुणी मारल्या?"

"कोण मारणार? मी."

"मी तीन वेळा नाही म्हटलं होतं."

"म्हणून विचारलं नाही चौथ्यांदा."

ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर मी भांडलो असतो, मला ते येतं. त्यांनी टेबलावरचा चाकू घेतला आणि नवं कोरं कापड शेपटीपाशी उभं फाडलं. बॅटरी घेऊन आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोटानं जोडावरून एकदा हात फिरवला.

"मिस्त्री, या अख्ख्या विमानातला सगळ्यात देखणा जोड हा आहे."

त्यांनी बॅटरी विझवली.

"कापा," म्हणाले.

पातळ नळीला ग्राइंडर लावता येत नव्हता. कानस घेऊन दोन दिवस घासलं. ते शेजारी बसून होते, मदत केली नाही आणि उठलेही नाहीत. तिन्ही पट्ट्या निघाल्या तेव्हा काट्यावर ठेवल्या. एक किलो नव्वद ग्रॅम. वहीत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. मला वाचायला वेळ लागतो. लिहिलं होतं, 'काढले – मिस्त्रींची काळजी, १०९० ग्रॅम.' एक पट्टी माझ्या हातात दिली, बाकी दोन भंगारात टाकल्या. चाक जुनंच राहिलं.

पहिले बरेच तास एकट्यानंच उडवायचा नियम आहे. ते झाले, विमान हवं तसं उठायला लागलं आणि एका सकाळी म्हणाले, "चला. मागच्या सीटचा हिशेब पहिल्या दिवसापासून तुमच्याच वजनाचा आहे." डोळ्यांपुढे त्यांची टोपी आणि दोन्ही बाजूंना आकाश, असे आम्ही उत्तरेला गेलो. तळं आलं. फोटोत तो तुकडा जेवढा होता, वरून त्याहून लहान दिसला. मला त्या कोपऱ्याशिवाय काही सुचत नव्हतं. विमान इतकं हळू झालं की मला वाटलं थांबलंच. मग आधी मागून दणका बसला, माझ्या माकडहाडात. पुढची चाकं टेकली, गोटे खडखडले आणि आम्ही पाण्याच्या अलीकडे उभे राहिलो. मी उतरून थेट शेपटीपाशी गेलो, गुडघ्यावर बसलो, हात लावला. जोड होता तसा होता.

"धरला?" त्यांनी विचारलं.

"धरला."

"पट्टीशिवाय," म्हणाले, आणि तळ्याकडे बघत उभे राहिले. डबा आणला नव्हता, थर्मास आणला नव्हता. ओंजळीनं तळ्याचं पाणी तोंडावर मारलं आणि परत निघालो. उठतानाही जागा पुरली, थोडी उरलीसुद्धा.

दुसऱ्या वर्षी ते आजारी पडले. आजाराचं नाव लिहीत नाही, सगळ्यांना कळतं. तरी शनिवारी यायचे, आता वहिनी गाडी चालवायच्या. हँगरमध्ये आले की पहिल्यांदा काट्यावर उभे राहायचे आणि आकडा वहीत लिहायचे. दर शनिवारी कमी. एकदा मला म्हणाले, "बघा मिस्त्री, इतका हलका पायलट या विमानाला कधी मिळाला नव्हता." मी म्हटलं, "मग उडवा." म्हणाले, "आता मी त्यात बसून काय काम करणार?" डॉक्टरांनी सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच उडणं बंद केलं होतं. विमानाची किल्ली डेलच्या हातात दिली. डेल पहिल्यांदा घेऊन उडाला तेव्हा ते गवताकडेला खुर्चीवर बसले होते, अंगावर शाल. गवतात ठराविक अंतरावर केशरी झेंडे रोवलेले असत. तिसऱ्या झेंड्याच्या अलीकडेच विमान उठलं. त्यांनी वही मागितली आणि लिहिलं. अक्षर हललं होतं, आकडा नीट होता.

बर्फ पडायच्या आधी ते गेले. इथं माणूस कपडे घालून पेटीत निजवलेला असतो, लोक रांगेनं येऊन बघतात. मी रांगेत उभा राहिलो. कोटाच्या खिशात ती पट्टी होती. घरून निघतानाच घेतली होती. ती त्यांच्या हाताशी ठेवायची असं मी ठरवलं होतं आणि मी ठरवलेलं बदलत नाही.

वहिनी पेटीपाशी होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, त्यांच्याजवळ काही ठेवायचं असेल तर ठेवा."

मी खिशात हात घातला. पट्टी हाताला लागली. कोटात राहून ती गरम झाली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, तरी तो प्रश्न मला ऐकू आला. याचं काम काय?

मी हात रिकामाच बाहेर काढला. वहिनींना म्हटलं, "काही नाही. जाऊ दे त्यांना."